स्टेन्सिलवरची शेवटची ओळ

माझी नात काल संगणकापुढे वैतागून बसली होती. "आजी, प्रोग्रॅममधून अक्षरं पाठवलीत, पण पडद्यावर एकही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला 'आता लिही' असं सांगायचंच राहिलंय." तिने संगणकाला ती आज्ञा दिली आणि सगळी अक्षरं एका दमात उमटली. मला ओल्या शाईचा वास आल्यासारखं झालं.

साठच्या दशकात मी तळोद्याच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. डोंगरातल्या गावांना बैठकीचं निमंत्रण धाडायचं होतं. स्टेन्सिलवर टाइप करताना टाइपरायटरची शाईची फीत बाजूला सारतात. अक्षरं मेणकागदात नुसती कोरली जातात. मला हे सगळं नवीन. समोर काहीच दिसेना, म्हणून घाबरून मी मजकुराच्या शेवटी यंत्रालाच विचारल्यासारखं टाइप केलं, "काही दिसतंय का?"

बाहेर जीपचा भोंगा वाजत होता. शिपायाने त्या कोरलेल्या कागदावर शाईचा रूळ भराभर फिरवून प्रती काढल्या. जीपच्या ड्रायव्हरने एक उचलून वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, हाई खाले काय लिखेल शे?"

मी वाकून पाहिलं, तर प्रत्येक प्रतीच्या तळाशी माझाच प्रश्न छापला गेला होता. साहेबांनी ते वाचलं आणि पोट धरून हसले. "जाऊ द्या तसंच. आता वेळ नाही."

बैठकीला मंडप अपुरा पडला. एवढी माणसं कशी आली, असं साहेबांनी एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी कारभाऱ्याला विचारलं. तो काय म्हणाला ते शाळेच्या मास्तरांनी मराठीत सांगितलं, "सरकारने आम्हाला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं."