मिनिटाला नव्वद

माझा धाकटा भाऊ तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्याचं तोंडही त्याच मालाचं आहे, वात पेटायचा अवकाश. मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका रविवारी आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप धाराशिवहून तेरखेड्याला न्याहारीला गेला. न्याहारी माझ्या माहेरीच होती. बाकीचे सहाजण सायकलवरून आले आणि मी टेम्पोतून उतरले. टेम्पोत पाण्याचे जार, हवा भरायचा पंप आणि त्यांच्या मधोमध आडवी पडलेली माझी सायकल. भाऊ ओसरीवर उभा राहून बघत होता.

"आक्का," तो म्हणाला, "सायकलवर आलीस का सायकलीला घेऊन आलीस?"

भावजय तोंडाला पदर लावून आत पळाली. सगळे हसले. मीही हसले. पण पोहे काही घशाखाली उतरेनात.

मी धाराशिवात शिवणकाम करते. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, जुन्या साड्यांचे ड्रेस. वय सत्तेचाळीस. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची वाकड्या हँडलची, बारीक टायरांची सायकल भिंतीला टेकून राहिली. पडून असलेली वस्तू मला बघवत नाही. एक दिवस तिच्यावर बसून बटणं आणायला गेले आणि विनाकारण वैराग नाक्यापर्यंत जाऊन तासाभरानं परत आले. पंजाबी ड्रेस, ओढणीची कमरेला गच्च गाठ, अशी मी रोज सकाळी जायला लागले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पंधरा दिवस तोंडसुख घेतलं. मग लग्नसराई आली आणि त्याच बायका ब्लाऊज घेऊन दारात उभ्या राहिल्या.

रविवारच्या ग्रुपचे म्होरके एक क्रीडाशिक्षक आहेत. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. सरांचा नियम एकच. धाराशिवहून निघाल्यावर निम्म्या वाटेवर येडशीला थांबायचं आणि प्रत्येकाच्या हँडलवरचा मीटर बघायचा. सरासरी वेग ताशी चोवीसच्या खाली असेल तर सायकल मागून येणाऱ्या टेम्पोत. पुढं हायवेला ट्रक सुसाट असतात, तिथं मागं पडलेल्या माणसाला एकटं सोडायला सरांचं मन धजत नाही. नियम बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग यायचा. चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि ही सरासरी म्हणजे सासू आहे सासू. उतारावर चाळीसनं सुटा, तिला कौतुक नाही. पण रस्त्यात शेळ्या आडव्या येऊ देत, एखादा गतिरोधक येऊ दे, लगेच आकडा खाली. माझी सरासरी सहा महिने एकोणीस-वीसला अडकून बसली होती. सर सारखे सांगायचे, "ताई, मिनिटाला नव्वद पायडल मारा. जोर लावू नका." मी मारतच होते की! घड्याळ लावून मोजत होते. सगळ्यात जड गिअर टाकायचा, मांड्यांना पीळ पडेपर्यंत दाबायचं आणि मिनिटाला बरोबर नव्वद मोजायचे. संध्याकाळी गुडघे असे ठणकायचे की मशीनवर बसताना देव आठवायचा. नवरा गुपचूप मलमाची डबी पुढं सरकवायचा. त्याच्या गप्प राहण्याचाही मला रागच यायचा.

टेम्पोतून उतरण्याची ती शोभा झाली आणि मी ठरवलं, पुढच्या वेळी माहेरच्या दारात सायकलवरूनच जायचं. नाहीतर सायकल मुलाला पुण्याला पाठवून द्यायची आणि हा नाद सोडायचा. हे मी कुणाला बोलले नाही, पण मनात पक्कं होतं.

पुढच्याच रविवारी सर माझ्या शेजारून सायकल चालवत होते. नजर माझ्या गुडघ्यावर. म्हणाले, "ताई, तुमचे पंचेचाळीस पडतेत."

"नव्वद पडतेत," मी म्हटलं.

"मी मोजतोय ना."

"मग मी काय वाती वळतेय?"

झालं. भर रस्त्यात दोघं मोठमोठ्यानं मोजायला लागलो. ते दहावर पोचले तेव्हा मी वीसवर. ते अकरा म्हणाले तेव्हा मी बावीस. तुरीच्या शेताकडं निघालेली एक बाई डोक्यावरची पाटी सावरत थांबली आणि आमच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, चांगली शिकलेली माणसं दिसतात आणि पाढे चुकतात.

सरांनी एकदम ब्रेक दाबला. "थांबा. तुम्ही दोन्ही पाय मोजताय का?"

"मग काय एकाला मोजू आणि दुसऱ्याला उपाशी ठेवू?"

सर हँडलवर डोकं टेकून हसले. सायकलवर पाय मोजायचा तो एकच, कुठलातरी. उजवा एकदा खाली गेला की एक फेरा. डावा त्याच फेऱ्यात येतो. जगातले सगळे सायकलवाले असंच मोजतात म्हणे. मला कोण सांगणार? मी पंचवीस वर्षं पायमशीनवर घालवलेली बाई. तिथं दोन्ही पाय एकाच पायडलवर असतात, दोन्ही एकदम दाबतात, एक दाब म्हणजे एक मोजणी. ती सवय मी जशीच्या तशी सायकलवर नेली आणि डाव्याला एक, उजव्याला दोन असं मोजत बसले. सहा महिने मी नव्वद समजून पंचेचाळीस मारत होते, आणि तेवढ्यावर वेग टिकावा म्हणून जड गिअरशी झटत होते. घरी येईपर्यंत मला माझाच इतका संताप आला होता की नवऱ्यानं चहा विचारला तर त्यालाच दोन शब्द ऐकवले.

दुसऱ्या दिवशी दुकानात नव्यानं शिवण शिकायला आलेली एक बाई मशीनवर बसली. पायडलवर सगळं अंग टाकून दाबत होती. चाक उलटं फिरायचं, दोरा तटकन तुटायचा. मी तिला तेच सांगितलं जे गेली कित्येक वर्षं प्रत्येकीला सांगते. "भार टाकू नको गं. पाय नुसता ठेव. चाक फिरायला लागलंय ना, त्याच्याबरोबर जा." एवढं बोलले आणि हातात कात्री घेऊन तशीच उभी राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. मशीनवर जी गोष्ट माझ्या पायाला झोपेतही येते, ती सायकलवर बसल्याबरोबर मी विसरले होते. कारण सायकल म्हटलं की लहानपणापासून एकच ऐकलेलं, जोर लाव, जोर लाव.

त्या आठवड्यापासून हलका गिअर आणि खरे नव्वद. पहिले काही दिवस तर फजितीच. पाय भिंगरीसारखे फिरायचे, सीटवर मी उड्या मारायचे, धाप लागायची आणि सरासरी उलट अठरावर घसरली. ग्रुपमधले एक वकील म्हणाले, "ताई, पहिलंच बरं होतं." मी म्हटलं, "तुमचा सदरा अर्धा शिवल्यावर बघून नावं ठेवता का तुम्ही?" पण आतून घाबरले होते, खोटं कशाला बोलू. सकाळी निघताना एक-दोन, एक-दोन सोडून फक्त उजवा पाय मोजायचे. हळूहळू उड्या थांबल्या. गुडघे गप्प झाले. मलमाची डबी कपाटात गेली. एकवीस, साडेबावीस, तेवीस. तेवीसवर पुन्हा पंधरा दिवस अडकले, तेव्हा एका चढावर रडूही आलं. मग एका सकाळी मोजायची विसरले आणि घरी आल्यावर मीटर बघितला तर चोवीस पूर्णांक दोन.

थंडीत पुन्हा तेरखेड्याचा रविवार आला. भावाला सांगितलं होतं, नऊपर्यंत येतो. अंधुक उजाडलं तसे निघालो. बोटं गारठलेली, नाक वाहतंय, ज्वारीला कणसं लागायच्या बेतात. मी कुणाकडं बघितलं नाही, मीटरकडंही नाही. येडशीच्या अलीकडच्या चढावर वकील मागं पडले आणि मी त्यांना ओलांडतेय बघून ओरडले, "कानामागून आली न् तिखट झाली!" मला बोलायला दम होता, पण मी तो पायांसाठी ठेवला.

येडशीला थांबलो. टेम्पोवाल्यानं सवयीनं मागचा फाळका पाडला होता आणि माझ्या सायकलीला हात घालायला पुढं आला होता. सरांनी वाकून माझा मीटर बघितला. चष्मा पुसून परत बघितला. पंचवीस पूर्णांक तीन.

"फाळका लाव वर," सर टेम्पोवाल्याला म्हणाले.

इतका सुंदर आवाज मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलाय. फाळक्याच्या दोन्ही कड्या खाडखाड बसल्या आणि आम्ही हायवेला लागलो. पुढचा रस्ता मी कसा कापला ते मला सांगता येणार नाही. पाय फिरत होते, मी त्यांच्याबरोबर जात होते.

माहेरच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाआठही झाले नव्हते. भावजयीनं अजून कांदा चिरला नव्हता. भाऊ खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. मला बघितलं आणि आधी माझ्या पाठीमागं रस्त्याकडं मान लांब करून टेम्पो शोधला. टेम्पो सगळ्यांच्या मागून सावकाश येत होता, रिकामा.

"सायकलवर आले," मी म्हटलं. "सरासरी सव्वीस."

तो मीटरजवळ आला, आकड्याकडं बघितलं, तोंडातला फेस थुंकला. "असली खेळणी काय बी दाखवतेत गं." फटाक्यांची दारू गुंजेच्या मापानं तोलणारा माणूस, दुसऱ्याच्या काट्यावर त्याचा भरोसा नाही. पण त्या दिवशी त्यानं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं दोनदा पोहे वाढले. मी दोन्ही वेळा संपवले.

परत निघताना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं तो मला पोचवायला निघाला. माहेरवाशिणीला वेशीपर्यंत सोडायचं, मग ती एसटीनं जावो नाहीतर सायकलनं. तो मोटारसायकलवर, मी सायकलवर. ग्रुप पुढं गेला होता. थोडा वेळ तो गंमत म्हणून माझ्या शेजारून चालला. मग त्याची नजर स्वतःच्या गाडीच्या काट्याकडं गेली आणि तिथंच राहिली.

"आक्का," तो ओरडला, "इथं तीस दाखवतंय की गं!"

मी पाय फिरवत राहिले.

"पाय दुखंनात का?"

"न्हाय."

"लई जोर लावावा लागत असंल."

"जोर न्हाय लावायचा," मी म्हटलं. "फिरवायचं नुसतं."

तो तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घुरघुरवत माझ्याबरोबर राहिला. समोरून येणारा गावातला ओळखीचा माणूस दिसला की हात करायचा आणि माझ्याकडं बोट दाखवायचा. मला इतका आनंद झाला होता की चेहरा आवरेना. वेस गेली, हायवे लागला. मी म्हटलं, "जा की आता माघारी, किती येतोस?"

"तू चल," तो म्हणाला. "पाय थांबवू नको."

वेशीपर्यंत सोडायला निघालेला माझा भाऊ त्या दिवशी येडशीपर्यंत आला.