कस्टमकाकांचा पीटर

कस्टमकाका कुणालाही ‘कसं काय?’ विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच: “आत्ता काही वाजतंय का गं?” लिफ्टमध्ये, मासळीबाजारात, कुठेही. एकदा तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, ऐन आरतीत, झांजांनी कानठळ्या बसत असताना त्यांनी मला कोपराने ढोसून हेच विचारलं. मी म्हटलं, आरती चाललीय काका. “ती दिसतेय मला. तिच्याशिवाय?” तिच्याशिवाय काही नव्हतं.

कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीवर कस्टम्समध्ये जन्म काढून ते निवृत्त झाले होते. मी न्यू टाउनला आयटीत नोकरी करणारी नाशिकची मुलगी, भवानीपूरला त्यांच्या शेजारी भाड्याने राहायची. त्यांचे कान जात चालले होते, आणि बाहेरचं ऐकू येणं जसजसं कमी झालं तसतसं आतलं वाढलं. त्यांना बँड ऐकू यायचा. आठवण म्हणून नव्हे, शेजारच्या खोलीत वाजावा तसा. डॉक्टर म्हणाले, कान रिकामे पडले की मेंदू स्वतःच वाजवत बसतो, हे वेड नव्हे. काकांना दिवसा ते पटायचं. संध्याकाळ झाली की धास्तावायचे बिचारे.

हा बँड पार्क स्ट्रीटवरच्या एका इंग्रजांच्या वेळच्या बारमधला. काका बदलीवर नवीन आले तेव्हा तिथे वेटरने त्यांच्या पँटवर सूप सांडलं आणि काकांनी अस्सल मराठी शिवी हासडली. स्टेजवरचा क्लॅरिनेटवाला वाजवता वाजवता फिस्सकन हसला. तो पीटर, गोव्याचा. मग काय, आपल्या बोलीत शिव्या देणारा भेटला म्हणून दोघं एकमेकांना चिकटले ते पीटर मरेपर्यंत. काकू मुलीला घेऊन पुण्यात असायच्या. सुट्टीत इकडे आल्या की त्यांना काका गोदीवर रात्रपाळी आहे म्हणून सांगत आणि बारमध्ये जाऊन बसत. पीतही नसत मेले. एक लाइम सोडा आणि एक फिश फ्राय.

दर शनिवारी ते मला तिथे घेऊन जात. मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली, पण आम्ही दोघांनीही त्यांना भीक घातली नाही. जाझमधला स्विंग म्हणजे काय, ते काकांनीच मला सांगितलं. “ठेका जरा मागे ओढायचा. लग्नाला निघताना बायको रेंगाळते तसा. पण मुहूर्ताला ती तिथे हजर असते की नाही?” मी म्हटलं, नवऱ्याचा रुमाल शोधत असते म्हणून रेंगाळते. हे त्यांना इतकं आवडलं की पुढे तेच स्वतःचं म्हणून सांगायला लागले. आता तिथे सगळी तरुण पोरं वाजवतात. मालक बदलला, जुने वेटर गेले. पीटरचा फोटो कुठे आहे का म्हणून मी एकदा विचारलं, तर कुणाला ते नावही माहीत नव्हतं.

माझं काम एकच, खरं सांगायचं. तळमजल्यावरच्या जोशीवहिनी त्यांचं मन राखायला “हो, वाजतंय हं” म्हणायच्या. काकांनी त्यांना विचारणंच सोडलं. मला म्हणाले, “बाई चांगली आहे गं, पण माझ्या उपयोगाची नाही. तू खोटं बोललीस तर मग मला कळायचं कसं?”

काकू गेल्यावर मुलगी, शुभाताई, पुण्याहून रोज फोन करायची, या म्हणून. एकट्या बापाला भास होतात म्हटल्यावर तिचा जीव टांगणीला लागला होता. काका हलायला तयार नव्हते. पीटरला इथे टाकून कसा जाऊ, मला म्हणायचे. इथे वाजतं तर त्याला निदान ही जागा आहे. पुण्यात वाजलं तर मी निव्वळ वेडा.

त्या शनिवारी एक मुलगी संथ काहीतरी गात होती. काकांनी टेबलावर तळहात टेकला होता. ट्रंपेट? वाजतंय. ड्रम? वाजतोय. मग डोळे मिटून, चेहरा असा उजळलेला की माझ्याच्याने बघवेना: “आणि क्लॅरिनेट?”

स्टेजवर क्लॅरिनेट नव्हतं.

“नाही काका. क्लॅरिनेट नाही वाजत.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी टेबलावरचा तळहात उचलला. आपण यांच्या पुढ्यातला घास काढून घेतला असं वाटून मला रडू फुटलं. तर ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “अगं, मग बरंच झालं. तो इथे असता तर त्याला इथेच सोडावं लागलं असतं. शुभाला फोन लाव. म्हणावं, येतो.”

गेल्या पावसाळ्यात काका पुण्यात वारले. शेवटच्या दिवसांत खोलीत कुणी बोलायला लागलं की ओठांवर बोट ठेवायचे. थांबा, पीटरला वाजवू दे, म्हणायचे. हे सांगताना फोनवर शुभाताई घुटमळली. त्यांच्या घरात हे नाव कधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

“तू त्यांच्याजवळ होतीस, म्हणून विचारते. असा कुणी खरंच होता का गं?”

मी पीटरला कधी पाहिलं नाही. त्याचा एक सूरही माझ्या कानावर पडलेला नाही.

“होता,” मी म्हटलं.