खोटं लायसिन

कमलअक्का धारवाडात सप्तापूरच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बशा धुवायची. अठ्ठ्याऐंशीपासून रोजंदारीवर, आणि आता दोन हजार चार उजाडलं होतं. अळणावरकडची बाई, तोंडानं फटकळ. पण डॉक्टर मुकुंदरावांपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "अक्का, तुम्ही म्हणजे या लॅबचा प्राण," एवढं साहेब म्हणाले की झालं! नोकरीत कायम करण्याचा अर्ज बाई पुन्हा पिशवीत कोंबायची. नुसत्या कौतुकावर सोळा वर्षं काढली, शाबास!

मक्यात लायसिन कमी, म्हणून मुकुंदरावांचा सगळा खटाटोप. लायसिन म्हणजे अंगाला लागणारं एक सत्त्व. माणसाला ते बनवता येत नाही, झाडाला येतं. पण झाड हिशेबी. पुरेसं झालं की तेच लायसिन जाऊन ते बनवणाऱ्याचा हात धरतं, "साकु! पुरे आता!" मुकुंदराव बशीत खोटं लायसिन घालायचे. दिसायला हुबेहूब, कामाला शून्य. कोवळी रोपं फसायची, खरं बनवणं थांबवायची आणि भरल्या बशीत उपाशी राहून पिवळी पडायची. साहेबांना हवं होतं न फसणारं रोप, कारण तेच न थांबता लायसिन बनवत राहणार.

ते दिसलं अक्काला. धुवायला काढलेल्या बशांत एकच हिरवंगार. मुकुंदराव नाचायचेच बाकी राहिले. "हे फसलं नाही, अक्का! खोट्यानं याचं पोट भरत नाही!"

अक्का हातातला ब्रश तसाच धरून उभी. अगं बाई, आणि मी? इतकी वर्षं मी काय खात होते? तिला स्वतःचाच असा संताप आला!

महिनाअखेरीस मुकुंदराव निवृत्त होणार होते. त्याआधी अर्जावर त्यांची सही झाली नाही, तर नवा साहेब तिला विचारणारही नव्हता. निरोप समारंभात रोपाचा मोठा फोटो लागला, खाली नाव अर्थातच मुकुंदरावांचं. मग त्यांनी अक्काला बोलावून शाल पुढे केली. "ह्या तर आमच्या घरच्या! घरच्यांना कसली आलीय कायम केल्याची ऑर्डर?" टाळ्या पडल्या. मेले टाळ्या तरी किती जोरात वाजवतात!

"साकु, साहेब," अक्का म्हणाली. "हे खोटं लायसिन. आता खरं द्या." आणि अर्ज उलगडून, पेनाचं टोपण काढून तिनं दोन्ही टेबलावर ठेवलं.

मुकुंदराव पिवळे पडले. चारचौघांत करतात काय? केली सही.

शाल मात्र साहेबांनी नीट घडी घालून स्वतःच्याच पिशवीत टाकली.