छपराचा उतार कुणीकडं?

गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि माझी गच्ची सुटली. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याआधी रोज दिवेलागणीला मी वर जाऊन एकटी बसायचे. खालून कुणी हाक मारली तरी ऐकू आली नाही म्हणून सांगायचे. ते सुख गेलं आणि मी तोंड पाडून घरात बसले. शेवटी मीच म्हटलं, परसात एक खोली काढा, वर आरपार दिसणारं छप्पर घाला, मी खालूनच आभाळ बघीन. आमचे हे लगेच हो म्हणाले. तिथंच मला शंका यायला हवी होती.

फॅब्रिकेशनवाला टेप घेऊन आला आणि त्यानं साधा प्रश्न विचारला, "उतार कुणीकडं देऊ?"

झालं. आमच्या पारनेरकडं पाण्याचा विषय निघाला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. प्रत्येकाच्या बोअरपाशी छपराचं पाणी जिरवायला खड्डा असतोच. "आमच्या खड्ड्याकडं दे," हे म्हणाले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे चाचा बोलले, "भाऊ, आमच्याकडं येऊ द्या की. आमचा बोअर उन्हाळ्यात लई रडवतो." बाकी ठिकाणी शेजाऱ्याच्या पागोळ्या आपल्या हद्दीत पडल्या म्हणून लोक कोर्टात जातात. इथं दोन शहाणीसुरती माणसं अजून न पडलेल्या पावसावरून भांडत होती. मी चहा करून दिला, तर तो पिऊन नव्या दमानं भांडली.

मग रोज बैठक. एकपाखी, दुपाखी, गोल, सगळे प्रकार पत्र्याचा तुकडा वाकवून, वर तांब्यानं पाणी ओतून बघितले. माझं परस चिखलानं भरलं. अखेर दिलजमाई झाली. दुपाखी छप्पर, दोन्हीकडं पन्हळ, अर्धं पाणी आम्हाला, अर्धं चाचांना. मी हुश्श करते न करते, तोच हे म्हणाले, "आणि वर निळा पत्राच टाकू. पाणी चांगलं पळतं त्याच्यावरनं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मला काय दिसणार?"

"दिसायचं काय त्यात? सावली मिळंल की."

"सावली घरात ढीगभर आहे. पाणी अर्धं न्या, सगळं न्या, मला एक थेंब नको. पण मला गच्चीवर जाता येत नाही, हे कुणाच्या ध्यानात तरी आहे का?"

चाचा खाली बघायला लागले. हे चष्मा पुसत बसले. फॅब्रिकेशनवाल्यानं पत्र्याचा तुकडा गुपचूप उचलून टेम्पोत ठेवला.

खोली झाली. वर काचेसारखी स्वच्छ प्लास्टिकची शीट बसली. पहिल्या संध्याकाळी दोघं पन्हळी बघायला माझ्या आधी हजर. त्यांना बाहेर काढलं आणि खाटेवर आडवी झाले. वर एक घार संथ फिरत होती. आभाळ हळूहळू तांबूस होत गेलं. इतक्या महिन्यांनी ते बघताना मला इतकं बरं वाटलं की डोळे वाहायला लागले, आवरेचनात.

यांनी दारातून डोकावलं. माझे ओले गाल बघितले आणि घाबरून वर शीटचे सांधे न्याहाळत म्हणाले, "कुठनं गळतंय?"

"पाऊस कुठाय गळायला?" मी म्हटलं.

त्यांनी परत माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसले आणि अंधार पडेपर्यंत, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, पाण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.