धाकटीची मुकादमी

नांगराच्या तासासारखी सरळ शिवण घालणाऱ्या धाकटीला कपड्यांच्या कारखान्यात मुकादम केलं. पण थोरामोठ्या बायकांना चूक दाखवायला तिची जीभ रेटेना. वाकडी शिवण दिसली, की जेवणाच्या सुट्टीत ती गुपचूप स्वतःच उसवून नीट करायची. डबा तसाच घरी परत जायचा.

तिला मशीन शिकवणारी थोरली जाऊही तिथंच शिवायची. तिनं हे हेरलं. एक दिवस तिनं मुद्दाम वाकडी कॉलर शिवून पुढं टाकली.

"बघा, मुकादमीणबाई."

"असू द्या, जाऊबाई. मी करते."

"तूच करशील, मग आम्ही काय माशा मारू? सांग सगळ्यांदेखत!"

धाकटीनं कॉलर तिच्यापुढं सरकवली. "जाऊबाई, उसवा."

थोरलीनं टाके उसवले.

"जमलं की गं! आता डबा खात जा."