बलदमधून घातलेलं गाऱ्हाणं

गुरुनाथ राऊळ जेद्द्याच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, चादरी-टॉवेल विकतो. दुकान कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचं; बडबड गुरुनाथची. माल मक्केच्या हॉटेलांत जातो. गुरुनाथ जात नाही. मुसलमान नसलेल्याला तिथे प्रवेश नाही, म्हणून गाडी ड्रायव्हर नेतो. तरी गावाला फोन करून सांगणार, "मक्केचे निम्मे पाव्हणे माझ्याच टॉवेलान तोंड पुसतत." खोटं नाही बोलत. वाढवून बोलतो.

घराणंच तसलं. पणजोबा दर पावसाळ्यात बांध वीतभर सरकवायचे आणि पाण्याने सरकला म्हणायचे. आजोबांनी काजूची बाग लावली. वाडीने रस्त्यासाठी तिची कड मागितली, तर मोजणीवाल्यासमोर सरळ आडवे झोपले. वडील ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले. गुरुनाथच्या आईनेच मत दिलं नव्हतं. म्हणाली, "निवडून इले असते तर शेतात कोण राबलो असतो?"

गुरुनाथ मात्र दोनदा निवडून आला, मग इथे आला, आणि इथेही गप्प बसला नाही. मराठी मंडळाची सहल असो, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडकलेला असो, हा पुढे. हसा खुशाल त्याला, पण अडल्यावर फोन त्यालाच जातो.

गावच्या जत्रेला देवळासमोर गाऱ्हाणं घालायचा मान राऊळांचा. नारळ हातात धरून देवाकडे गावाचं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर अख्ख्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शेवटी नारळ फुटला, की मागणं पक्कं. वडिलांचा घसा गेल्यापासून गुरुनाथ त्यासाठी दर वर्षी जातो. यंदा चादरींचा कंटेनर बंदरात अडकला आणि सुट्टी खलास!

लगेच चुलतभाऊ वैभवचा फोन. "गुरुदादा, तू थय चादरी वीक. ह्या वर्षी नारळ मी धरतंय."

"तुझो आवाज ऐकान देव देवळातसून पळात!"

फोन ठेवला आणि गुरुनाथ घरभर फिरायला लागला. "एकदा त्याच्या हातात नारळ गेलो, की मान गेलो."

बायको हेमलता हॉस्पिटलात नर्स, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. "बीपी बघू?" तिने विचारलं.

शेवटी तोड निघाली. नारळ वडील धरतील, आवाज फोनवरून गुरुनाथचा. जत्रेच्या दिवशी मुलाने, सुमीतने, व्हिडिओ कॉल लावून दिला. गुरुनाथने जोरात सुरुवात केली.

"पप्पा, आप म्यूट पर हो."

पुन्हा सुरुवात. "बा देवा रवळनाथा, लेकराबाळांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

पीक मागून झालं, पाऊस मागून झाला, आणि गुरुनाथमधला पुढारी जागा झाला. "देवा, वैभवान सरकवललो बांध उद्या मागे जांव दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज वैभवचाच. सवयीने तोंडातून निघून गेलं. देवळासमोर हशा पिकला.

गुरुनाथ खूश. पण वैभवही राऊळच. तो फोनजवळ आला. "देवा, आणि वाडीच्या रस्त्याक गुरुदादाच्या काजूची कड मिळांदे!"

"व्हय म्हाराजा!"

जेद्द्याच्या खोलीतही कुणीतरी ओरडलं. सुमीत बापाकडे बघत राहिला. हेमलताने ओढणी तोंडात कोंबली.

"नेटवर्क नव्हतं म्हणा," ती हळूच म्हणाली.

म्हणता आलं असतं. पण मग गाऱ्हाणंच खोटं, आणि मान कसला उरला? तीन पिढ्या राखलेली कड! फोनवर वडील दिसत होते. बोलता येत नव्हतं, नारळ उचललेला, फोडत नव्हते. लेकाच्या तोंडाकडे बघत उभे.

"बाबा," गुरुनाथ म्हणाला, "फोडा नारळ."

दुसऱ्या दिवशी दुकानात तो येईल त्याला सांगत होता, की गावाला रस्ता त्याने दिला. जसा काही वैभव नव्हताच तिथे. मग मागच्या गोदामात जाऊन वैभवलाच फोन लावला.

"एक आयक. आजो आडवो झोपललो ती जागा सोड. थय रस्तो वळव."

वैभव म्हणाला, "व्हय म्हाराजा."