लासियेमचं ऑपरेशन, वरून की खालून

लासियेम आमच्या गल्लीची जामूवाली. हळद-चिंचेच्या, आल्याच्या काढ्यांच्या बाटल्या भरलेली टोपली पाठीला बांधून पहाटेपासून जामू विकत हिंडायची. गावाच्या पोटाला औषध देणारी ही बाई, आणि स्वतःचं दुखणं मात्र कमरेला गुंडाळलेल्या सरोंगच्या घड्यांत लपवून बसलेली. शौचाला बसली की आतडं बाहेर यायचं. आधी ते आपलं आपण आत जायचं, मग हातानं ढकलावं लागायला लागलं. एकदा टोपली उचलताना उभ्या उभ्याच उतरलं, तेव्हा कुठे रडत माझ्याकडे आली. मी थोरली म्हणून ती मला यू म्हणते.

"यू, कुणाला सांगू नकोस गं. लोक माझ्या हातचं पिणार नाहीत."

"आत्ता तरी कुठे आवडीनं पितात? कडूजहर करतेस," मी म्हटलं.

मालीशवालीनं पोट वर वर चोळून पाहिलं. काही उपयोग नाही. मग मी तिला शहरातल्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर तियुर दुसऱ्या बेटावरची, मेदानकडची पोर. तिनं नीट समजावलं. "आजी, दोन वाटा आहेत. एक, पोटाला बारीक भोकं पाडून आतडं वर ओढायचं आणि कण्याच्या खालच्या हाडाशी बांधायचं. ते जास्त टिकतं. पण पूर्ण भूल लागते, हृदय धड हवं. दुसरी, बाहेर येणारा भाग खालूनच कापून शिवायचा. कंबरेतल्या सुईवर भागतं, शरीराला झेपतं. पण पुन्हा उतरायची भीती जास्त. जिना चढता ना? दम लागत नाही ना?"

"हो," लासियेम मान लववून म्हणाली.

"मग पोटातून करू?"

"हो."

आम्हा जावा बेटावरच्या माणसांना डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही, उद्धटपणा वाटतो. मेदानकडे हो म्हणजे हो. डॉक्टर लिहायला लागली आणि मला आठवलं. परवाच ही माझ्या ओट्याच्या पायऱ्या चढून धापा टाकत बसली होती, ओठ निळे पडलेले.

"डॉक्टरीणबाई, हिला विचारा, तू म्हैस आहेस का. त्यालाही हो म्हणेल!"

"यू! लाज काढलीस माझी," लासियेमनं मला चिमटा काढला.

डॉक्टर हसली नाही. पेन खाली ठेवलं. "आजी, शेवटचा दम कधी लागला?"

आता हो म्हणायला जागाच नव्हती. लासियेम जमिनीकडे बघत म्हणाली, "आज. तुमचा जिना चढताना."

तपासणीत हृदय अशक्त निघालं. खालून करायचं ठरलं.

"आणि पुन्हा उतरलं तर, पोरी?" लासियेमनं विचारलं.

"तर पुन्हा बघू. पण आता पाठीवर ओझं नाही आणि शौचाला जोर करायचा नाही."

ते ऐकल्यावर तिनं जेवण टाकलं. "हिंडले नाही तर मी करू काय गं?"

ऑपरेशन झालं, शुद्धीतच. पण माझ्या जिवाला थारा नव्हता. खरी परीक्षा पहिल्यांदा शौचाला जायची होती. ती सकाळी आत गेली आणि मी दाराला कान लावून उभी. पाणी ओतल्याचा आवाज नाही, कण्हणं नाही. हाक मारावी तर दचकून जोर करेल, न मारावी तर आत पडली असेल. सगळ्या देवांची नावं घेऊन झाली.

शेवटी कडी निघाली. भिंतीला धरून लासियेम बाहेर आली, घामानं निथळत.

"नाही उतरलं, यू," ती म्हणाली. "आज तरी नाही."